रास्पबेरी पायवर काय चढवावं : रिस्क ओएस की प्लॅन नाइन?

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्स सोडून दुसरी एखादी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची हौस असली की फिरून फिरून ही दोन नावं पुढे येतात. पाय ३ या मॉडेलवर मी या दोन्ही सिस्टिम वापरल्या, प्रत्येकीला वेगळं एसडी कार्ड देऊन. प्लॅन नाइन म्हणजे इथे तिची आजही सांभाळली जाणारी शाखा, नाइनफ्रंट.

रिस्क ओएस पहिल्याच दिवशी जीव लावते. केंब्रिजच्या ज्या एकॉर्न कंपनीत पायमध्ये असतो तो एआरएम प्रोसेसर जन्मला, तिथेच १९८७ मध्ये हिची सुरुवात झाली, त्यामुळे पायवर ती अगदी घरच्यासारखी नांदते. फाइल सेव्ह करायची तर तिचा आयकॉन उचलून हव्या त्या फोल्डरमध्ये नेऊन सोडायचा. हाताला ही सवय लागली की दुसरीकडे चुकल्याचुकल्यासारखं होतं. २०२४ च्या ५.३० आवृत्तीपासून पायचं वाय-फायही चालतं.

पण एक गोष्ट मला शेवटपर्यंत पचली नाही. इथे प्रत्येक प्रोग्रामने आपणहून बाजूला होऊन दुसऱ्याला वाट द्यायची असते. नेटसर्फ या ब्राउझरमध्ये एखादं जड पान उघडलं की बाण जाऊन वाळूचं घड्याळ येतं. ते माउसबरोबर फिरतं, बाकी सगळं जागच्या जागी थिजतं. शेजारच्या एडिटरमध्ये मी टाइप करत राहायचो, अक्षरं उमटायची नाहीत, आणि मग अख्खी ओळ एकदम येऊन पडायची. एकदा तीही आली नाही. तासाभराचं लिखाण गेलं.

नाइनफ्रंटचा पहिला आठवडा मात्र कठीण जातो. वरचा बाण दाबला तर मागची कमांड येत नाही, मजकूर सरकतो. एकदा कंपाइल अडकलं म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. विंडो मजकुराने भरली म्हणून काम थांबलं होतं, एवढंच. माउसच्या मधल्या बटणाच्या मेनूतून स्क्रोल चालू करताच गाडी पुढे निघाली. (चाकाचं बटण सारखं दाबून बोट दुखतं. बुधवार पेठेतून तीन खऱ्या बटणांचा जुना माउस शोधून आणा, तो दोन्हीकडे लागतो.) हळूहळू कळतं की पडद्यावरची कुठलीही ओळ दुरुस्त करून, निवडून, सेंड म्हटलं की तीच कमांड होते. आणि एखादा प्रोग्राम बिघडला तर त्याचीच विंडो बिघडते, माझं लिखाण शाबूत राहतं.

मराठीचं सांगायचं तर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत जन्मली ती १९९२ मध्ये, याच प्लॅन नाइनसाठी. फाइलमध्ये देवनागरी चोख राहते, पण पडद्यावर जोडाक्षरं जुळत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. मराठी लिहायचं असेल तर हे आधी बघून घ्या.

घरात शिकणारं पोर असेल तर कदाचित रिस्क ओएसच बरी. एफ१२ दाबून बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू करायची की झालं. माझी पुतणी त्या कार्डावर चित्रं काढते. माझ्या पायमध्ये गेली दोन वर्षं नाइनफ्रंटचं कार्ड आहे. फक्त बंद करण्याआधी फाइल सिस्टिम नीट थांबवणारी एफएसहॉल्ट कमांड द्यायला विसरू नका, आणि लाइट जाणाऱ्या भागात राहत असाल तर पायला छोटा यूपीएस लावा.