शंभर रुपयांचं मृत्युपत्र: कोकणातल्या ख्रिस्ती कुटुंबांना उपलब्ध असलेल्या चार सेवांची पारख

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयातली नोंदणी, त्याच कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेले दस्तलेखक, रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये होणारी मृत्युपत्र शिबिरं आणि मोबाइलवर अर्ध्या तासात मृत्युपत्र तयार करून देणारी संकेतस्थळं. वसईपासून बांद्यापर्यंतच्या ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्र करायचं तर साधारण हे चार रस्ते आहेत. मुलाबाळांची सोय करून एक वाटा देवाच्या कामाला ठेवायचा असेल, तर यातला कुठला रस्ता कुठपर्यंत नेतो हे पाहण्यासाठी चौघांनाही एकच उदाहरण लावू.

वेंगुर्ल्याकडची एक विधवा धरा. ३० गुंठे कलमं आणि काजू, गावठाणात घर, बँकेत नऊ लाखांची ठेव. दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. जमीन आणि घर नवऱ्याचं; तो मृत्युपत्र न करता गेला. तिला घर धाकट्याला द्यायचंय, बाग तिघांना आणि सगळ्याचा दशांश चर्चच्या शाळेला.

इथे पहिला प्रश्न एकच: यातलं तिचं किती? ख्रिस्ती माणसाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. त्याच्या कलम ३३ प्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश मिळतो. उरलेले दोन तृतीयांश मुलगे-मुलींत सारखे वाटले जातात, मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. वारस नोंदीनंतर सातबारावर चार नावं एकाखाली एक येतात आणि घरातले चार सारखे वाटे धरून चालतात. प्रत्यक्षात आईचे १० गुंठे आणि प्रत्येक मुलाचे साडेसहाच्या किंचित वर. घराचंही तेच. म्हणजे ‘घर धाकट्याला’ या तिच्या वाक्यात फक्त एक तृतीयांश हिस्सा आहे. बाकीचा हवा तर थोरल्याने आणि मुलीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं, तेही तिच्या हयातीत झालं तर बरं. हा प्रश्न न विचारता जो लिहायला बसतो, त्याचं पुढचं काम कितीही सुबक असलं तरी फुकट.

दुय्यम निबंधक कार्यालय. पैशाच्या मानाने याच्याइतकी चांगली सेवा नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी शुल्क १०० रुपये आणि वर पानामागे दस्त हाताळणीचा किरकोळ खर्च. आधी ऑनलाइन पब्लिक डेटा एन्ट्री भरून तिची प्रिंट न्यायची, सोबत मूळ मृत्युपत्र, आधार, फोटो आणि ओळखीची माणसं. फोटो आणि अंगठा तिथेच घेतात. आयुष्यभर कोयता-कुदळ धरलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पटकन उमगत नाहीत, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला सकाळच्या पहिल्या टोकनला न्यावं आणि हात धुऊन, पुसून न्यावेत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी निबंधकाने घरी येऊन नोंदणी करायची तरतूद नोंदणी कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. अर्ज करावा लागतो, भेटीचं शुल्क वेगळं. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

नोंदणी सक्तीची नाही, हेही लक्षात असू द्या. साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं. पण निबंधक फक्त माणूस कोण आहे ते पाहतो, मजकूर तपासत नाही. आपल्या विधवेने सगळे ३० गुंठे लिहून दिले तरी शिक्का बसतो. शिवाय शिक्का बसला म्हणून मृत्युपत्र कोर्टात आपोआप सिद्ध होत नाही. वाद झाला तर हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला उभं राहावं लागतं. ऐंशीच्या माणसाने पंच्याहत्तरचा साक्षीदार घेऊ नये तो यासाठी. सेवा म्हणून पाचपैकी चार गुण. पाचवा गुण त्यांचा नव्हेच, तो मजकूर लिहिणाऱ्याचा.

दस्तलेखक. खरी पडझड इथे होते, आणि ती बहुधा प्रामाणिकपणे होते. त्यांच्याकडचा नमुना हिंदू कुटुंबासाठी घडवलेला असतो आणि ख्रिस्ती गिऱ्हाईक आलं की फक्त नावं बदलतात. मग ‘वडिलोपार्जित मिळकतीचं मृत्युपत्र होत नाही, फक्त स्वकष्टार्जिताचं होतं’ असं छातीठोक सांगितलं जातं. ख्रिस्ती माणसाला सहदायकी (हिंदू एकत्र कुटुंबात जन्मानेच मिळणारा हक्क) लागू नाही. बापाकडून आलेला हिस्सा पूर्णपणे त्याचा, तो कुणालाही देऊ शकतो.

दुसरी चूक साक्षीदारांची. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोने साक्ष केली, तर मृत्युपत्र टिकतं पण त्याला दिलेलं बाद होतं. हे कलम हिंदूंना लागू नाही, म्हणून दस्तलेखकाच्या ते अंगवळणी नाही. मोठी सून सोबत आली आहे, तिचीच सही घ्या, असं म्हणत थोरल्याचा वाटा उडवल्याची जाणीवही टेबलावर कुणाला नसते. एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला नेमलेल्या माणसाने) साक्ष केली तर मात्र हरकत नाही, फक्त त्याला काही देणगी ठेवलेली नसावी.

तिसरी, कलम ६९: मृत्युपत्रानंतर लग्न केलं की ते रद्द. हेही हिंदूंना लागू नाही. बोटीवर जायच्या आधी आईच्या नावे सगळं लिहून ठेवणारे आणि पुढच्या सुट्टीत लग्न करणारे तरुण या किनाऱ्यावर कमी नाहीत. लग्नानंतर पुन्हा लिहायला हवं, जुन्यावर तारीख बदलून भागत नाही.

आणि चौथी, जुन्या नमुन्यांतून अजून न गेलेली भीती: चर्चला द्यायचं तर मृत्यूच्या १२ महिने आधी लिहा आणि सहा महिन्यांत ते सरकारी कार्यालयात जपणुकीला ठेवा. कलम ११८ खरोखर तसं होतं, पुतण्या-भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक असलेल्यांसाठी. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २००३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरलं. २००२ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती मृत्युपत्रांना प्रोबेटची (मृत्युपत्रावर कोर्टाच्या शिक्कामोर्तबाची) सक्तीही उरली नाही. दोन दशकं उलटली तरी नमुना तोच छापला जातोय. दस्तलेखकाला दोन गुण, तेही अक्षरासाठी.

चर्चमधली शिबिरं. कारभारीपण म्हणजे काय, जे आपलं म्हणतो ते मुळात कुणाचं, हे समजावणारी ही एकच जागा. विधवेची इच्छा नीट ऐकून घेणारीही हीच. मात्र ज्या ट्रस्टला मिळणार, त्याच्याच हॉलमध्ये त्याच्याच माणसांनी मसुदा करून द्यावा, हे आम्हाला पटत नाही. लाभ घेणाऱ्याने मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला की कोर्ट त्याकडे संशयाने पाहतं, हे सर्वोच्च न्यायालय १९५९ पासून सांगत आलंय. नाराज मुलाच्या वकिलाला याहून सोपं हत्यार नको. शिबिरात ऐकावं, मसुदा बाहेरच्या वकिलाकडून करावा, साक्षीदार धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयातले नसावेत.

तिथे देतात त्या नमुन्यातलं ‘आमच्या चर्चला’ हे वाक्य आधी खोडा. फादरांच्या वैयक्तिक नावेही काही लिहू नका, त्यांची बदली होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेलं ट्रस्टचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. वसई धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश) १९९८ मध्ये झाला, सिंधुदुर्ग २००५ मध्ये. त्याआधी केलेल्या मृत्युपत्रांत जुन्या धर्मप्रांताचं नाव असेल तर ती काढून पाहायला हवीत.

आता दशांश. ‘माझ्या सर्व मालमत्तेचा दहावा हिस्सा’ लिहिलं की ट्रस्ट प्रत्येक गुंठ्यात आणि घराच्या प्रत्येक भिंतीत भागीदार होतो. मुलं चिडतात आणि ट्रस्टच्याही हाती काही लागत नाही, कारण ट्रस्टला स्थावर विकायचं तर विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. शेतजमिनीचं तर आणखी अवघड. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कूळकायदा कलम ४३ चा (हस्तांतरावर बंधन असल्याचा) शेरा आहे का ते आधी वाचा. कोकणात तो बऱ्याच उताऱ्यांवर सापडतो. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जमीन द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. १९४८ चा हाच कायदा गुजरातलाही लागू आहे आणि तिथल्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्रानेही ही बंदी चुकवता येत नाही असं ठरवलं. म्हणून बाग ट्रस्टला लिहू नये. द्यायचीच असेल तर एक्झिक्युटरने ती शेतकऱ्याला विकून त्या पैशातून द्यावं, असं विक्रीच्या अधिकारासकट स्पष्ट लिहावं.

त्यापेक्षा सरळ उपाय ठेवीचा. तिथेही एक खोच आहे. ‘एफडी क्रमांक अमुक शाळेला’ असं लिहिलं आणि ती एफडी मोडली किंवा तिचे पैसे दुसरीकडे वळवले, तर दिलेली वस्तूच उरत नाही आणि देणगी बाद होते. ‘मृत्यूसमयी माझ्या नावे असलेल्या सर्व बँक ठेवींच्या १० टक्के’ असं लिहावं. ठेवीवर धाकटा नॉमिनी असेल तर बँक पैसे त्याच्या हाती देईल, पण तो मालक नव्हे; एक्झिक्युटरने ते मागून घ्यायचे असतात. हे त्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं. शेवटी ‘वर न लिहिलेलं बाकी सर्व’ अमक्याला, हे एक कलम हवंच.

मिस्सा किंवा स्मशानभूमीच्या देखभालीसाठी रक्कम ठेवायची असेल तर ती स्वीकारण्याबद्दल बिशपांच्या कार्यालयाचं पत्र हयातीतच घ्या. चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन १३००, दात्याची इच्छा काटेकोर पाळायला सांगतो, पण व्याज दहा वर्षांनी किती उरेल हे कॅननला ठाऊक नसतं. रक्कम अपुरी पडली तर काय करायचं ते तुम्हीच लिहा. शिबिरांना तीन गुण.

संकेतस्थळं. फॉर्म नेटका, भाषा बहुधा इंग्रजी. धर्माचा रकाना असला तरी भरल्यावर ६७ किंवा ६९ ची सूचना येते का, ते पैसे भरण्याआधी पाहा. गुंठे, सामाईक सातबारा, गावठाणातलं घर हे त्या चौकटीत बसत नाही. मुंबईत फ्लॅट आणि म्युच्युअल फंड एवढंच असलेल्याला पुरेल. आपल्या विधवेसाठी एक गुण.

गोव्याच्या हद्दीलगतच्या कुटुंबांनी एक जास्तीची खातरजमा करावी. ज्याचं अधिवास-स्थान गोवा, त्याच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असा २०१९ चा निकाल आहे. मुलं असतील तर तिथे साधारण अर्ध्याच हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं.

मृत्युपत्रातल्या देणगीने दात्याला आयकरातल्या वजावटीची (१९६१ च्या कायद्यात कलम ८० जी) सवलत मिळत नाही. आयकरात सूट हवी तर हयातीत, जुन्या करप्रणालीत, दोन हजारांच्या वर असल्यास रोख न देता, आणि ट्रस्टकडून देणगीचं प्रमाणपत्र (१९६१ च्या कायद्याखाली १० बीई) घेऊन. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाने ट्रस्टला पाठवलेले पैसे विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची रक्कम, ठरतात. आखातात कमावणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले नाही.

मजकूर कुणाला कळू नये असं वाटत असेल तर नोंदणीऐवजी नोंदणी कायद्याचं कलम ४२ वापरा. सीलबंद पाकिटावर नाव आणि ‘मृत्युपत्र’ एवढं लिहून ते जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. त्यासाठी तालुक्याला नव्हे, ओरोस, रत्नागिरी किंवा अलिबागला जावं लागतं. हयातीत पाकीट फक्त ठेवणाऱ्याला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला परत मिळतं. मृत्यूनंतर कुणीही अर्ज केला की ते उघडून नोंदवतात. पण अर्ज करायला पाकीट तिथे आहे हे कुणाला तरी माहीत हवं. पावती बायबलमध्ये ठेवा आणि एक्झिक्युटरला ते सांगा.