सायकलचा आरसा: पाम बीच, घोडबंदर आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या हिशेबाने

सुरक्षिततेच्या नावाखाली सायकलच्या दुकानात जे विकलं जातं, म्हणजे ब्लिंकर, चमकणारं जॅकेट, हॉर्न, त्यातल्या बहुतेक वस्तू मागच्या ड्रायव्हरने लक्ष दिलं तरच कामाच्या. त्याची नजर मोबाइलवर असेल तर ३०० रुपयांचा दिवा काय आणि ३००० चा काय. हेल्मेटचा उपयोग तर आपटल्यानंतर. आरशाला मात्र कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. तो थेट चालवणाऱ्याला माहिती देतो. तरीही दुकानात तो मागच्या रॅकवर धूळ खात असतो आणि मागितला तर ‘गिअरच्या सायकलला शोभत नाही’ असं ऐकवलं जातं. शोभत नाही, हे खरंच आहे. पण ठाणे-नवी मुंबईत रोज सायकलने कामावर जायचं असेल आणि खिशात एकाच वस्तूचे पैसे असतील, तर दिव्याच्याही आधी आरसा घ्यावा. अर्थात दिवसा चालवणाऱ्यांसाठी. अंधार पडल्यावर दिवा नसलेली सायकल रस्त्यावर आणूच नये.

बाजारात तीन प्रकार मिळतात. हेल्मेटला किंवा चष्म्याच्या काडीला लावायचा बोटभर आरसा, मनगटावर बांधायचा आरसा आणि हँडलवर बसणारा. मनगटाचा विसरून जा. मागे बघायला हात वळवावा लागतो आणि आपल्या खड्ड्यांत हाताची पकड सैल करणं म्हणजे आजार बरा पण औषध नको. हेल्मेटचा आरसा जाणकारांच्या आवडीचा आहे, कारण मान जराशी फिरवली की तो हवी ती बाजू दाखवतो. पण डोळ्याजवळच्या इवल्याशा काचेत बघायची सवय व्हायला वेळ लागतो, घामाने त्यावर डाग पडतात आणि बरेचसे डाव्या बाजूला लावायचे असतात. ते उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे गाडी उजव्या खांद्यामागून येते, त्यामुळे डावा आरसा फक्त फुटपाथ दाखवतो. घेताना काडी उलटवून उजवीकडे बसते का ते तपासा.

राहिला हँडलचा. त्यातही दोन जाती आहेत. एक पट्ट्याने हँडलच्या दांड्यावर आवळायचा, दुसरा हँडलच्या टोकाच्या भोकात खोचायचा, ज्याला बार-एंड मिरर म्हणतात. पट्ट्याचा स्वस्त पडतो, पण तो ग्रिपच्या आतल्या बाजूला बसतो. तिथून आपलंच कोपर आणि दंड अर्धा आरसा व्यापतात. पेव्हर ब्लॉकवर पट्टा हळूहळू फिरतो आणि आरसा आकाश दाखवू लागतो. बार-एंड त्यापेक्षा १० ते १२ सेंटिमीटर बाहेर असतो, म्हणून कोपर बाजूला राहतं आणि रस्ता दिसतो. पुढचं सगळं याच प्रकाराबद्दल आहे.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे काच. सपाट काचेत अंतर खरं दिसतं, पण दृश्य अरुंद. फुगीर काचेत दोन-अडीच लेन मावतात, पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. ५ सेंटिमीटर व्यासाचे गोल, खूप फुगीर आरसे दिसायला गोंडस असतात आणि त्यात ५० मीटरवरचा डंपर मोहरीएवढा दिसतो. ७ ते ८ सेंटिमीटरचा, किंचित फुगीर आरसा घ्या. दुकानातच तपासता येतं: आरसा हातात धरून मागच्या भिंतीवरची पाटी बघा, मग मान वळवून थेट बघा. आकार निम्म्याहून लहान वाटला तर ठेवून द्या.

दुसरी, काच की ॲक्रिलिक. ॲक्रिलिक फुटत नाही, पण बांधकामाची धूळ रुमालाने पुसली की वर्षभरात ओरखड्यांनी पांढरट होतं, आणि इथे धुळीला तोटा नाही. आधी पाणी ओता, मगच पुसा. खरी काच जास्त स्वच्छ दाखवते. पडल्यावर तडकते एवढंच.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गोटीचा सांधा. आरसा ज्या गोटीवर फिरतो ती आवळायला स्क्रू आहे का, ते पाहा. ज्यात नुसतं प्लास्टिक प्लास्टिकवर घट्ट बसवलेलं असतं, तो आरसा गतिरोधकांच्या आधीच्या रंबलर पट्ट्यांवर मान टाकतो आणि घट्ट करायला काही उपायच नसतो. स्क्रू स्टेनलेस नसेल तर खाडीच्या हवेत आणि एका पावसाळ्यात गंजून जाम होतो. बसवतानाच त्याला ग्रीसचा थेंब लावावा.

बसवणं दहा मिनिटांचं काम आहे, पण आधी भोक मोजा. सरळ हँडलचा दांडा बाहेरून साधारण २२.२ मिलिमीटर असतो, आतलं भोक मात्र पत्र्याच्या जाडीप्रमाणे बदलतं. ॲल्युमिनियमच्या जाड हँडलला ते १६ पर्यंत अरुंद, पातळ लोखंडी हँडलला १९ च्या आसपास. रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या हँडलचा दांडा २३.८ चा, म्हणून त्याचं भोक आणखी मोठं. आरशासोबत दोन-तीन जाडीच्या रबरी नळ्या मिळतात का ते विचारा. एकच असेल तर आपल्या हँडलला ती बसेलच असं नाही.

ग्रिपचं टोक बंद असेल तर धारदार ब्लेडने दांड्याच्या कडेकडेने गोल कापा. कात्रीने कापलं की रबर फाटत जातं. रबरी नळी भोकात पूर्ण गेली पाहिजे. अर्धी बाहेर राहिली तर आरसा वजनाने खाली झुकतो. मग ४ किंवा ५ मिलिमीटरच्या एलन कीने (षटकोनी किल्लीने) आवळायचं. आत पाचर ओढली जाते आणि रबर फुगून धरतं. हाताला अडल्यावर पाव फेरा पुरे. जास्त ताकद लावली की पाचरीचे आटे जातात आणि मग आरसा ना बसतो ना निघतो. कार्बनच्या हँडलला हा प्रकार लावूच नका.

दांडी वर ठेवायची की खाली? खाली. ग्रिपच्या खाली लोंबणारा आरसा पंक्चर काढायला सायकल उलटी केली तरी शाबूत राहतो. वरचा त्याच वेळी मोडतो. शिवाय खालच्या आरशात हात मध्ये येत नाही. दोष एकच, पाहायला नजर जरा जास्त खाली न्यावी लागते. त्या अर्ध्या सेकंदात पुढे खड्डा येऊ शकतो, म्हणून आधी समोरचं २०-३० मीटर पाहून मगच नजर खाली न्यायची.

कोन लावताना सायकलवर बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा. आतल्या कडेला आपल्या कोपराची बारीकशी किनार दिसली पाहिजे, त्यापेक्षा जास्त नाही. क्षितिज आरशाच्या वरच्या तिसऱ्या भागात हवं. रात्री मागचा हाय बीम डोळ्यांत आला तर काच एक अंश खाली झुकवा, काढून टाकू नका.

आता रस्त्यावर तो काय देतो ते बघू. आपण ताशी १८ किलोमीटरने जातोय, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. मागून गाडी ६० ने येतेय, म्हणजे साधारण १६.७ मीटर. फरक पावणेबारा मीटरचा. आरशात ती ५० मीटरवर दिसली तर हातात चार सेकंद आहेत. तीच गाडी ८० ने असेल, आणि नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर सकाळी ८० ही काही मोठी गोष्ट नाही, तर तीनही नाहीत. एखादं उघडं झाकण टाळायला बाहेर जाऊन परत कडेला यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणजे मागे ५० मीटरमध्ये वेगाची गाडी दिसली की बाहेर जायचं नाही, ब्रेक लावायचा. आरसा नसेल तर हा निर्णय मान वळवून घ्यावा लागतो आणि मान वळली की नवख्या माणसाची सायकल आपोआप त्याच बाजूला सरकते. अपघाताचं बीज तिथेच असतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्यांसाठी. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळच्या पट्ट्यात स्कूटरवाले एक वळण वाचवायला कडेने रॉंग साइड येतात. ते कडा सोडत नाहीत, त्यामुळे बाहेर आपल्यालाच यावं लागतं. मागे टीएमटीची बस असेल तर बाहेर येण्यापेक्षा थांबणं बरं. ही माहिती दोन सेकंद आधी मिळाली की रस्ता निम्मा सोपा होतो.

काँक्रीटच्या रस्त्यांवर आणखी एक छळ आहे: काँक्रीटचा पट्टा आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामधली लांबलचक फट. ती चाकाच्या दिशेनेच धावते आणि २५-२८ मिलिमीटरचा टायर त्यात अडकला की सायकल जागेवर आडवी. कडेच्या ब्लॉकवर चालवत असाल तर ती फट तिरकीच ओलांडायची आणि त्यासाठी एक मीटर उजवीकडे जागा लागते. ती आहे की नाही हे आरसा सांगतो. उभ्या गाड्यांचे दरवाजेही तसेच. उघडलेलं दार जवळजवळ एक मीटर बाहेर येतं. नेरुळला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला फ्लेमिंगोच्या दिवसांत पाम बीचवर गाड्यांची रांग लागते, तिथे रांगेला चिकटून जाणं हा जुगार आहे.

ऊन विसरू नका. वाशीहून बेलापूरकडे जाताना सकाळचा सूर्य समोर असतो. आपल्याला आरसा स्वच्छ दिसतो, पण मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि आपला लाल दिवा त्यात विरघळतो. संध्याकाळी त्याच दिशेने जाताना उलटं: ऊन पाठीमागून आरशात. तेव्हा त्यावर भरवसा नको.

आरसा कुठे फसवतो ते जास्त नीट समजून घ्यायला हवं. खोचलेल्या आरशात उजव्या बाजूला अगदी शेजारी आलेली बाइक दिसत नाही. बाहेर सरकण्याआधी खांद्यावरून एक झटपट नजर टाकावीच लागते. उड्डाणपुलाच्या शेवटी तर तो जवळपास निरुपयोगी आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर पुलाखालचा रस्ता घेतला (सायकलने तोच घ्यावा, पुलावर चढू नये), तर पुढे वरून उतरणारी वाहतूक उजवीकडून तिरकी येऊन मिसळते. आरसा मागचा, म्हणजे आपलाच रस्ता दाखवत असतो. उतार त्याच्या चौकटीबाहेर राहतो. अशा ठिकाणी वेग कमी करून मान पूर्ण वळवा आणि एमआयडीसीचे ट्रेलर जाऊ द्या. सिग्नलला ट्रेलरच्या डाव्या अंगाला कधीच उभं राहू नका. त्याच्या केबिनमधून तुम्ही दिसत नाही आणि आपला आरसा त्याला काही दाखवणार नाही.

रात्री अंतराचा अंदाज जातो. आरशात एकच दिवा दिसला म्हणजे बाइकच, असं धरू नका. एक दिवा गेलेला टेम्पोही असतो. पावसात काचेवर थेंब साचतात, ते अंगठ्याने पुसत राहणं हाच उपाय. विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरतं तेव्हा कोणताही आरसा कामाचा नाही, उतरून कडेने चालत जा किंवा त्या दिवशी सायकल काढू नका. ट्रॅफिक तुंबलं की हँडलची वाढलेली रुंदी नडते. कळव्याच्या नाक्यावर रिक्षांच्या मधून काढताना आरसा आधी अडकतो. घडी होणारी दांडी असेल तर आत मुडपा, नसेल तर रिक्षांच्या मागे उभे राहा.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. मागचा दिवा किमान आयपीएक्स ४ चा (पाणी आत शिरू न देण्याचा हा दर्जा). पूर्ण पावसाळा चालवायचा तर आयपीएक्स ६. चार्जिंगच्या भोकाची रबरी झडप आधी जाते, म्हणून ती सुटी मिळते का विचारा. दिवा रस्त्याला समांतर हवा. सीटखालची पिशवी त्याला झाकते किंवा तो आकाशाकडे वळलेला असतो, असं दर दुसऱ्या सायकलला दिसतं. शक्य असेल तर दोन लावा, एक स्थिर आणि एक लुकलुकता. नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून मागच्याला अंतर कळत नाही. चमकणारं जॅकेट आपल्या दमट हवेत अंगाला चिकटतं, त्यापेक्षा घोट्याला बांधायच्या परावर्तक पट्ट्या घ्या. पॅडलबरोबर त्या वरखाली होतात आणि सायकल आहे हे लांबूनच कळतं. हेल्मेटवर ईएन १०७८ हे युरोपीय मानक लिहिलेलं पाहा. त्या चाचणीत ते सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १९-२० किलोमीटरने आपटवतात. स्वतः घसरून पडण्यासाठी ते योग्य, ६० च्या गाडीसाठी बनवलेलंच नाही. घंटी पादचाऱ्यांसाठी, काचा वर करून एसी लावलेल्या गाडीत ती पोचत नाही.

बार-एंड आरसे साधारण ३०० रुपयांपासून मिळतात, चांगल्या सांध्याचे त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतात. जोडीने विकले जातात तिथेही दोन्ही लावण्याचं कारण नाही, उजवा पुरे. डावा बसस्टॉपशी आणि उभ्या गाड्यांशी घासून लवकर मोडतो. सायकल रोज स्टेशनच्या पार्किंगला ठेवत असाल तर एलन कीने निघणारा आरसा घ्या, ती की किल्लीच्या जुडग्यातच अडकवा आणि आरसा काढून सोबत न्या, कारण संध्याकाळी तो जागेवर असेलच याची खात्री नाही. येऊर किंवा पारसिकच्या चढावर मौजेने जाणाऱ्यांनी हवं तर घेऊ नये, तिथे मागून फारशा गाड्या येत नाहीत. घेतलाच तर उतारावर हँडलचा वजनी आरसा थरथरतो, तेव्हा घरून निघण्याआधी सांध्याचा स्क्रू एकदा तपासा.