जंजिरा की सिंधुदुर्ग? आईवडिलांना घेऊन निघाला असाल तर

पाण्यातला एक तरी किल्ला बघायचा, एवढं ठरलं की आमच्या घरात दोन तट पडतात. गेल्या चार वर्षांत दोन्हीकडे जाऊन आलो, तेही म्हाताऱ्या माणसांना घेऊन, म्हणून हे लिहितोय.

किल्ला म्हणून बघाल तर जंजिरा जास्त भिनतो, हे आधीच कबूल करतो. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते तेव्हा समोर नुसती तटबंदी दिसते, दरवाजा कुठे ते शेवटपर्यंत कळत नाही. कलालबांगडी तोफेला हात लावला की महाराजांना हा किल्ला का मिळाला नाही, ते पटतं. संभाजीराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात भराव टाकायला घेतला होता, ती जिद्दही तिथे उभं राहिल्यावरच समजते. त्यात मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारात उरकतं. मुरूडला राहा, कोर्लई जाता जाता होतो.

पण ती होडी. मी गेलो तेव्हा होडी दरवाजाच्या पायऱ्यांशी लावत होते. लावत म्हणजे काय, लाट वर आली की माणसाला दंडाला धरून पायरीवर ओढायचं. तरण्यांना गंमत वाटते. बाबांचे गुडघे दुखरे, त्यांनी दोन लाटा बघितल्या आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन." सिद्दींच्या किल्ल्याने मराठ्यांना कधी आत घेतलं नाही, आमच्या बाबांनाही नाही. वर पाऊण तासात परत या अशी तंबी. गोड्या पाण्याचा तलाव गाठेपर्यंत निम्मा वेळ संपला, आणि माझं सगळं लक्ष खाली हेलकावणाऱ्या त्या होडीकडे. आता उतरायची सोय सुधारली असेल तर चांगलंच आहे, निघण्यापूर्वी विचारून घ्या.

मालवणलाही नावाडी तासाभराचाच वेळ देतो, त्यात फरक नाही. पण सिंधुदुर्गावर बाबा माझा हात धरून स्वतःच्या पायांनी उतरले. हा किल्ला १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला, पायात शिसं ओतलं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. मला भावलं ते वेगळंच: तिथे अजून माणसं राहतात. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना पाणी आहे, तुळशीवृंदावनं आहेत. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वराच्या देवळात रोज पूजा होते. जंजिऱ्याच्या वाड्यांच्या भिंतींतून आता झाडं उगवलीत. इथे दोरीवर कपडे वाळत असतात. सरबत देणाऱ्या आजी बाबांना म्हणाल्या, "बसा, घाय कित्याक करतास?"

मालवण लांब आहे, हे खरं. कुडाळला रेल्वेने उतरून पुढे गाडी करावी लागते आणि तीन दिवस तरी हाताशी हवेत. तारकर्लीला गर्दी फार. आम्ही देवबागला राहिलो, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा मात्र चुकवू नका. किल्ल्याचं भूमिपूजन तिथे झालं, पण बरेच लोक त्याच्या बाजूने थेट धक्क्याकडे जातात. जेवणाचं काही बोलत नाही, नाहीतर तुलना तिथेच संपेल. मुरूडची सुरमई वाईट नव्हती एवढंच सांगतो.

दोनच दिवस असतील आणि बरोबर सगळे धडधाकट असतील, तर जंजिऱ्याला जा. माझं ऐकू नका. पावसाळ्यात दोन्हीकडच्या होड्या बंद, तेव्हा तो प्रश्नच नाही. आमच्या घरी मात्र पुढच्या डिसेंबरची कुडाळची तिकिटं बाबांनीच काढायला लावली आहेत. महाराजांच्या हाताचा ठसा मागच्या वेळी घाईत नीट बघायचा राहिला, म्हणतात.