यू-बूट: जुने ड्रायव्हर, ड्रायव्हर मॉडेल की बेअरबॉक्स?

चिप कंपनीने दिलेला यू-बूट (बोर्ड चालू झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम लोड करणारा बूटलोडर) बहुतेकदा जुना असतो, त्यातले ड्रायव्हर बोर्ड-फाइलमध्ये गुंतलेले असतात आणि प्रॉडक्ट मात्र पुढची बरीच वर्षं सांभाळायचं असतं. मग तीन वाटा उरतात: आहे तसं चालवणं, यू-बूटच्याच ड्रायव्हर मॉडेलवर (ड्रायव्हर लिहायच्या नव्या चौकटीवर) जाणं, किंवा बेअरबॉक्स हा दुसरा बूटलोडर घेणं.

जुनी पद्धत हलकी आहे, पण तिची खोट मुळात आहे. आयटूसीचा (चिप एकमेकींना जोडणारी दोन तारांची बस) प्रत्येक ड्रायव्हर एकाच नावाची रीड-राइट फंक्शन्स द्यायचा, त्यामुळे दोन वेगळ्या कंट्रोलरचे ड्रायव्हर एका इमेजमध्ये लिंकच व्हायचे नाहीत. बोर्ड बदलला की हेडर बदला, इमेज वेगळी काढा. शिवाय मूळ प्रकल्पानेच ही वाट बंद करत आणली. एमएमसीसाठी (मेमरी कार्ड आणि ईएमएमसी) तर २०१९.०४ आवृत्तीची मुदत दिली होती आणि न बदललेला बोर्ड काढून टाकला जाऊ शकतो, अशी ताकीद बिल्ड करतानाच छापून यायची.

ड्रायव्हर मॉडेल यू-बूटमध्ये आलं २०१४ साली, त्यामागे मोठं काम सायमन ग्लास यांचं. डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन) ‘कंपॅटिबल’वरून ड्रायव्हर जुळतो, यूक्लास (एकाच प्रकारच्या डिव्हाइसचा गट) त्याचा इंटरफेस ठरवतो. मला यातलं सगळ्यात पटतं ते बाइंड आणि प्रोब वेगळे ठेवणं. बाइंड म्हणजे नुसती नोंद. हार्डवेअर सुरू होतं ते प्रोबमध्ये, आणि बहुतेक डिव्हाइसचा प्रोब कुणी मागितल्याशिवाय होत नाही. ईएमएमसीवरून बूट करताना यूएसबीला हात लावायची गरजच पडत नाही. प्रॉम्प्टवर ‘डीएम ट्री’ कमांड दिली की प्रोब झालेल्या डिव्हाइससमोर + दिसतं. नवा बोर्ड उठवताना याचा फार उपयोग होतो.

खरी अडचण एसपीएलमध्ये, म्हणजे मुख्य यू-बूटच्या आधी चालणाऱ्या छोट्या लोडरमध्ये. ऑलविनर एच३ या चिपचा बूट रॉम (चिपमध्येच असलेला पहिला प्रोग्राम) एसपीएलचे जेमतेम ३२ केबी उचलतो. त्यात डीरॅमची (मुख्य मेमरीची) सुरुवात, एमएमसी आणि सिरियल बसवल्यावर लिबएफडीटी (ट्री वाचणारी लायब्ररी) आणि डिव्हाइस ट्रीला जागा कुठून आणणार? ‘ऑफ-प्लॅटडेटा’ वापरून ट्रीचे सी स्ट्रक्चर बिल्डच्या वेळी बनवता येतात, पण मग ड्रायव्हरमध्ये वेगळा कोड सांभाळावा लागतो. इतकी कमी एसरॅम (चिपमधली छोटी मेमरी) असेल तर एसपीएल जुन्या पद्धतीने ठेवा आणि मुख्य यू-बूट ड्रायव्हर मॉडेलवर न्या. दोन्हींचे कॉन्फिग वेगळे असतात, त्यामुळे यात काही गैर नाही.

बेअरबॉक्सची सुरुवात ‘यू-बूट व्ही२’ म्हणून झाली, २००९मध्ये नाव बदललं. त्याची रचना लिनक्सच्या जास्त जवळची. ड्रायव्हर तिकडून आणणं सोपं जातं, डिव्हाइस ‘/डेव्ह’खाली फाइलसारखे दिसतात. मांडणी म्हणून मला हीच सरस वाटते. तुमची चिप तिथे आधीच चालत असेल आणि काम नव्याने सुरू होत असेल तर जरूर घ्या. नसेल, तर डीरॅमपासून सगळं स्वतः करावं लागेल, कारण चिप कंपन्यांचा आधार बहुतेक यू-बूटलाच असतो.

बाकी बहुतेकांनी ड्रायव्हर मॉडेलच घ्यावं. आधी सिरियल, मग क्लॉक-पिनकंट्रोल-जीपीआयओ (चिपचे घड्याळ-संकेत आणि पिना), नंतर एमएमसी, असा क्रम ठेवा. आणि एसपीएलमध्ये ते वापरणार असाल तर नोडवरचे ‘बूटपीएच’ टॅग तपासा. टॅग नसलेले नोड एसपीएलच्या ट्रीमधून बिल्डच्या वेळीच गाळले जातात, आणि सिरियलचाच टॅग राहिला तर बोर्ड चकार शब्द काढत नाही.