नाटक बघा, आणि बाहेरच्या टेबलापाशीही थांबा

गेल्या रविवारी संध्याकाळी सातच्या प्रयोगाला गेले होते. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतलं छोटं नाट्यगृह, पुढे सतरंजी, मागे खुर्च्या, शंभरेक माणसं कशीबशी मावतात. तिकीट २५० रुपये. त्यातले ५० एका संस्थेला जातात. घरच्यांनी बाहेर काढलेल्या समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींना ही संस्था भाड्याची खोली मिळवून देते. नाट्यगृह आणि संस्था, दोघांचीही नावं मुद्दाम लिहीत नाही. घरचे लोक माग काढत येतात, म्हणून लिहू नका, अशी विनंती त्यांनीच केली होती.

नाटक बार्शीहून पुण्यात आलेल्या एका मुलाचं. दोन वर्षांत पाच खोल्या. रंगमंचावर पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि पाच किलोचा सिलिंडर, बस. दर वेळी तो सगळं आवरतो, दर वेळी काहीतरी मागे राहतं. पाचव्या वेळी ती ट्रंक तो एका हाताने उचलतो. त्या मुलाने हे फार सुंदर केलंय.

पटला नाही तो घरमालक. तो ओरडतो, सामान रस्त्यावर फेकतो. पुण्यात नकार असा येत नाही. कोथरूडला आमची वरची खोली मी भाड्याने देते, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी दोन मुलगे आले होते. सभ्य, दोघांनाही नोकरी. आम्ही जोडीदार आहोत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण सोसायटीचं बघावं लागतं." सोसायटीत मी कुणाला विचारलंही नव्हतं. हे वाक्य नाटकात हवं होतं.

बाहेर संस्थेचं टेबल होतं. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, पैसे राहू देत, खोली असेल तर सांगा." अर्धा तास बोलत उभी राहिले. ट्रान्स मुलामुलींच्या आधारवर जुनं नाव, जुना फोटो. भाडेकरार नोंदवायची वेळ आली की एजंट फोन उचलेनासा होतो. जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळवायचा अर्ज ही मंडळी भरून देतात, डिपॉझिटलाही हातभार लावतात. ट्रान्स व्यक्तीला जागा भाड्याने देताना भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला त्या रात्री कळलं. समलिंगी जोडप्यांचं तसं नाही. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांचं नातं गुन्हा राहिलं नाही, पण खोली नाकारली तर बोट ठेवायला असं कलम नाही.

तक्रार एकच. टेबल पार्किंगच्या बाजूला, अंधारात. निम्मे प्रेक्षक गाड्या काढून निघून गेले. प्रयोगाआधी दोन मिनिटं रंगमंचावरून सांगायला काय हरकत आहे?

त्यांचा खोलीचा फॉर्म मला आवडला. जिना स्वतंत्र आहे का, स्वयंपाक करता येईल का, रात्रपाळी करून पहाटे आलेलं चालेल का, असे नेमके प्रश्न. आमच्या खोलीचा करार मेअखेर संपतोय. फॉर्म भरून दिला. "सोसायटीची हरकत?" या रकान्यात "मी बोलेन" असं लिहिलं.

पुढचा प्रयोग येत्या रविवारी, त्याच वेळी. गुडघे दुखत असतील तर अर्धा तास आधी जा, खुर्च्या लगेच भरतात.