जामीन मंजूर झाला, आता जामीनदार शोधायचा की रोख भरायची?

मुंबई उच्च न्यायालयाने आर्यन खानला जामीन दिला २८ ऑक्टोबर २०२१ ला, आणि तो आर्थर रोड तुरुंगाबाहेर आला ३० ला. मधल्या वेळेत एक लाखाचा जातमुचलका (आरोपीने स्वतः सही करून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, एवढंच द्यायचं होतं. जुही चावला जामीनदार म्हणून सत्र न्यायालयात स्वतः हजर झाल्या. तरीही २९ ला संध्याकाळी कागद तुरुंगाच्या जामीनपेटीत (सुटकेचे आदेश टाकायची पेटी) वेळेत पडले नाहीत आणि आणखी एक रात्र आत गेली. शाहरुख खानच्या घरी लाख रुपयांची वानवा नव्हती. अडलं ते कागदांपाशी.

जामीनदाराचा मोठा फायदा म्हणजे खिशातून काही जात नाही. पण कागद लागतात: आधार, रेशनकार्ड, पगारपत्रक किंवा सातबारा, काही ठिकाणी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. आधी कुणाकुणाला जामीन राहिलात तेही लिहून द्यावं लागतं. मी एकदा मित्राच्या भावासाठी उभा राहिलो. रेशनकार्डावर 'दत्तात्रय', पगारपत्रकावर 'दत्ता'. लिपिकाने मान वर न करता कागद परत सरकवले. प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत कोर्ट उठलं होतं.

जामीनदार होणाऱ्याला घरचे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. आरोपी तारखेला गायब झाला, तर मुचलका जप्त होऊन नोटीस जामीनदाराच्या दारात येते. नको झालं तर कोर्टात अर्ज करून जामीनदाराला मोकळं होता येतं, पण मग आरोपीवर वॉरंट निघतं. भावकीत यावरून कायमचा अबोला धरलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून मेव्हण्याला गळ घालण्याआधी त्याला हे सांगा.

परगावच्या माणसाचे हाल वेगळेच. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला १०,००० चा जामीन सांगितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो जामीनदार नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी हे चुकीचं ठरवलं. 'स्थानिकच जामीनदार हवा' असं आजही कुणी म्हणालं, तर वकिलाला या निकालाची आठवण करून द्या.

रोख भरली की सुटका लवकर होते. डिसेंबर २०२१ मध्ये वकील-कार्यकर्त्या सुधा भारद्वाज ५०,००० च्या रोख जामिनावर भायखळ्याच्या तुरुंगातून सुटल्या. मात्र ही सोय बहुतेक वेळा तात्पुरती असते, ठरलेल्या मुदतीत जामीनदार आणावाच लागतो. रोखीवरच भागलं, तरी पैसे खटला संपेपर्यंत अडकतात, म्हणजे कित्येक वर्षं. चार नातेवाइकांनी मिळून भरले असतील तर पावती कुणाच्या नावाने निघते ते खिडकीवरच बघा आणि कुणाचे किती ते घरी लिहून ठेवा. अमेरिकेत काइल रिटनहाऊस हा तरुण गोळीबाराच्या खटल्यात निर्दोष सुटला, आणि लगेच जामिनाचे २० लाख डॉलर कुणाचे यावर तो, देणग्या जमवणारी संस्था आणि त्याचा जुना वकील यांच्यात जुंपली. जानेवारी २०२२ मध्ये तडजोड झाली.

नुसत्या जातमुचलक्यावर सुटका झाली तर उत्तमच. वकिलाला आधी तेच मागायला सांगा. रक्कम न झेपणारी असेल तर कमी करून मागता येते. महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

'२५ लाख भरतो, पण सोडा' अशी हमी मात्र देऊ नका. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आरोपीने अशी हमी दिली, सुटला आणि मग शब्द फिरवला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५०,००० चा दंड लावला आणि अशा हमीवर जामीन देऊच नका, असं खालच्या कोर्टांना बजावलं.

माझ्यावर वेळ आली तर मी आधी रोख भरून माणूस घरी आणीन आणि मुदतीत पगारदार जामीनदार उभा करीन. पैसे उसने काढावे लागणार असतील, तर थेट जामीनदारच. दोन्हीत कागद सकाळीच कोर्टात पोचवा. आर्यनचे कागद हुकले त्या २९ ऑक्टोबरला शुक्रवार होता.