मी कागद तपासले, पत्रा नाही

निवृत्त होऊन चार महिने झाले आणि मी गाडी घेतली. साधीसुधी नव्हे, १९५१ची फोक्सवॅगन बीटल. मागच्या काचेच्या मधोमध पत्र्याची उभी पट्टी असलेली, जाणकार जिला ‘स्प्लिट’ म्हणतात ती. म्हणजे विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे. ती १९५१ची नाही, खरं तर धड कुठल्याच एका सालाची नाही, हे मला आता कळलंय. मी भाबडा माणूस नाही म्हणून हे लिहायला बसलो. चौतीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या. खोटी सही, खाडाखोड, मागची तारीख, सगळं नजरेत भरतं. नेमकं तेच नडलं.

  

लहानपणी शेजाऱ्यांकडे बीटल होती. तिच्या पुढच्या दाराला एक छोटी त्रिकोणी काच होती. खटका उघडून ती तिरकी केली की वारा थेट तोंडावर यायचा. त्या जागेसाठी आम्ही पोरं भांडायचो. जाहिरातीतला फोटो मोठा करून मी पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर ती त्रिकोणी काच. ही म्हणाली, “बघायला चाललाय की घ्यायला?” मी म्हटलं, बघायला. चेकबुक मात्र खिशात होतं.

विकणारा गृहस्थ अतिशय नम्र. घाई नाही, गळ घालणं नाही. गाडी घासूनपुसून उभी. बीटलचं इंजिन मागे असतं; त्या मागच्या झाकणावर हात ठेवला तर ऊबदार लागलं. “तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली,” म्हणाला. मला ते आतिथ्य वाटलं. इंजिन गार असताना सेल्फ मारला की पहिल्या अर्ध्या मिनिटात धूर, खडखड, सगळं बाहेर येतं, आणि ते मला दिसू नये एवढ्यासाठीच ती फेरी होती. आता कुणी गाडी बघायला निघालं की मी सांगतो, न कळवता तासभर आधी जा.

मी आधी काय नोकरी करायचो हे बोलता बोलता त्यानं विचारून घेतलं. बँक म्हटल्यावर आत गेला आणि ही जाडजूड फाइल घेऊन आला. जुनी नोंदणी, पावत्या, पिवळे पडलेले फोटो, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरांत. वर आपणहून एक दोषही सांगितला. “साहेब, लपवत नाही. १९५१ला ११३१ सीसीचं इंजिन असायचं. हे नंतरचं, ११९२चं आहे. १९५४पासून ते यायला लागलं. जुनं खराब झाल्यावर बदललंय.” अक्षरशः खरं होतं ते. एक खरी उणीव सांगितली की उरलेल्या थापा त्याच पिशवीत घालून विकता येतात. कर्ज मागायला येणाऱ्यांची ही युक्ती मी शंभरदा पाहिली होती. पण तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे होतो आणि माझ्या लहानपणीची खिडकी समोर उभी नव्हती.

पुढची डिकी उघडून स्टेपनीमागची धातूची पट्टी त्यानं दाखवली. तिच्यावर चासी नंबर. चष्मा कपाळावर सरकवून मी एकेक आकडा कागदाशी ताडला. तंतोतंत! पट्टीचे रिव्हेट नवे, चकचकीत होते. ते दिसले, पण मनात काही आलं नाही. मागची सीट जरा उचलू का, विचारलं तर म्हणाला, “कालच कव्हर शिवून चढवलंय, क्लिपा निघतील. बॅटरी नवी आहे खाली, वर्षभर बघायला नको.”

मी सीट उचलली नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे दिले आणि ‘जशी आहे तशी’ असं लिहिलेल्या करारावर सही केली.

तिसऱ्या आठवड्यात ती नवी बॅटरी बसली. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली, उजव्या अंगाला. मिस्त्री आले, सीट काढली, फडक्यानं मधला उंचवटा पुसला आणि नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, “काका, कागद आणा.” बीटलचा चासी नंबर तिथे, सीटखालच्या त्या उंचवट्याच्या (त्याला बोगदा म्हणतात) पत्र्यावर ठोकलेला असतो. पुढची पट्टी चार रिव्हेटांची, कुणीही बदलावी. बोगद्यावरचा नंबर वेगळाच होता. नंबराच्या क्रमावरून मिस्त्री म्हणाले, ही १९५६ची. म्हणजे गाडीला कागद नव्हतेच, कुठल्याशा मोडीत गेलेल्या १९५१च्या कागदांना ही गाडी जोडली होती.

“पण मागच्या काचेमधली पट्टी?” मी विचारलं. मार्च १९५३पर्यंत मागची काच दोन भागांची, मग १९५७पर्यंत एकच लंबगोल. दोन काचांच्या गाडीला भाव कैक पट, म्हणून लंबगोल खिडकीभोवतीचा पत्रा कापून तिथे दोन काचांची चौकट डागायची. मिस्त्रींनी खिशातून चुंबक काढलं. टपावर ठेवलं, टक्कन चिकटलं. सरकवत खिडकीच्या कडेला आणलं आणि ते सुटून माझ्या पायाशी पडलं. तिथे पत्र्यावर बोटभर जाड लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, होती. वर तोच चकचकीत रंग, ज्यावरून मी त्या दिवशी हात फिरवून “वा!” म्हटलं होतं.

मग दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला. इंजिनाची गरम हवा आत आणणारी पोकळ पट्टी दोन्ही बाजूंना असते, ती आतून सडते आणि बाहेरून कळत नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जॅक लावल्यावर तर दार उघडेना, सांगाडाच वाकत होता.

जाता जाता त्यांनी माझ्या त्रिकोणी काचेवर टिचकी मारली. “ही बघूनच ओळखायला हवं होतं, काका. ऑक्टोबर १९५२च्या आधी ही नसायचीच. चाकंही तोवर सोळा इंची, ही पंधराची आहेत.” ज्या काचेसाठी मी गाडी घेतली, तीच पहिल्या फोटोपासून साक्ष देत होती.

त्या माणसाला फोन केला. पट्टी, नंबर, लांबी, सगळं सुनावलं, रागाच्या भरात त्रिकोणी काचेचंही सांगून टाकलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि करारातले ते तीन शब्द वाचून दाखवले. त्यानंतर नंबर बंद. तक्रार दिली आहे. गाडी माझ्या नावावर होऊ शकत नाही, म्हणून ताडपत्रीखाली उभी आहे. ही काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझं मलाच अजून चमत्कारिक वाटतं ते असं की एका मिस्त्रीला सोबत न्यायला किती खर्च आला असता? त्या फाइलच्या झेरॉक्सना मी जवळपास तेवढेच पैसे घातले.

गेल्या आठवड्यात तीच भिंत मागे असलेली एक नवी जाहिरात दिसली. पुन्हा १९५१ची, पुन्हा दोन काचांची. फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या दारांना त्रिकोणी काचा नाहीत, चाकंही सोळाची दिसतात. तेवढं त्यानं माझ्याकडून शिकून घेतलंय. एकूण बावीस फोटो आहेत. मागची सीट उचललेला त्यात एकही नाही.